सिस्टरबाईंचा रविवारचा शब्द

राइस मिलमध्ये माझी सगळी जिंदगी गेली. तिथं मागच्या अंगाला कोंडा साचत जातो. मुद्दाम कोणी साठवत नाही. धान आत जातं, तांदूळ पोत्यात जातो, आणि कोंडा आपला कोपऱ्यात वाढत राहतो. एक दिवस वळून बघावं तर हा ढीग! किश्शांचंही तसंच आहे. आमच्या चर्चमधले असे कितीतरी माझ्याजवळ पडून आहेत, आणि त्यातले बहुतेक एकाच बाईमुळं झालेले आहेत.

आमचं गाव वरठी आणि मोहाडीच्या मधलं. चर्च म्हणजे कवेलूच्या छपराचं एक जुनं घर, आत सतरंज्या आणि बाहेर चिंचेचं झाड. पाळकसाहेब भंडाऱ्याहून येतात, तेही महिन्यातून एखाद्या रविवारी, कारण त्यांच्याकडं आमच्यासारखी बरीच गावं. बाकीचे रविवार आम्हीच सांभाळतो. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं शिकलो ती मोठेपणी, पोत्यांवरची नावं बघत बघत. त्यामुळं बायबल वाचायचं काम दुसऱ्यांचं, चहा करायचं काम माझं.

उपासना संपली की चिंचेखाली बिनदुधाचा चहा. आणि चहासोबत शब्द!

ही पद्धत राहेलबाईंची. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. रिटायर होऊन जमाना झाला तरी सगळं गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणतं. त्या दर रविवारी वाचनातला एक शब्द द्यायच्या. तो घरी न्यायचा, आठवडाभर सोबत ठेवायचा, आणि पुढच्या रविवारी सांगायचं, कुठं भेटला. बायबलमधलं वचन म्हणून दाखवायचं नाही. घरातलं, बाजारातलं, रस्त्यावरचं सांगायचं.

पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "सिस्टरबाई, हे काहून सुरू केलं तुम्ही?"

बाई म्हणाल्या, "साहेब, दवाखान्यात डॉक्टर गोळी लिहून द्यायचे. पेशंट माह्याजवळ येऊन इचारे, बाई, कधी घ्याची? मी सांगे, जेवल्यावर. शब्दाचंही तसंच आहे. कधी घ्याचा, तेवढं समजलं पायजे."

* * *

पहिला शब्द मला आठवतो तो सहनशीलता.

आमचा फिलिप वरठीला स्टेशनजवळ मोटरसायकली दुरुस्त करतो. हात काळे, मन साफ, डोकं गरम. पुढच्या रविवारी सगळ्यात आधी तोच उभा राहिला.

"बाई, एक गिऱ्हाईक आलं. माह्या बाजूले स्टूल घेऊन बसलं आन सुरू झालं. हा नट असा नाही, तसा खोल. आधी प्लग पाय. आधी चेन पाय. तू नवीन हायेस काय? मी काहीच बोललो नाही. पान्हा त्याच्याच हातात देल्ला. म्हणलं, घ्या साहेब, तुमीच करा. आन मी त्याच्या स्टूलावर बसलो. त्याच्यानं एक नट निघाला नाही, बाई!"

सगळे हसले. सिस्टरबाई हसल्या नाहीत. "फिलिप, याच्यात सहनशीलता कुठं हाये गा?"

"बाई, पान्हा डोक्यात नाही ना मारला!"

बाईंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "चालते. तुह्यासाठी एवढी बस झाली."

* * *

शलमोनमामा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होते, जमिनीच्या खाली, लोखंडी पिंजऱ्याच्या लिफ्टनं उतरायचं. आता रिटायर होऊन बहिणीकडं इकडं राहतात. त्यांची प्रार्थना फार लांब. आदामापासून सुरू होते, आणि आमच्या गावच्या ग्रामपंचायतीपर्यंत येईस्तोवर चहा थंड होतो.

त्यांना एकदा उपकारस्तुती हा शब्द मिळाला. आम्हाला वाटलं, आज संध्याकाळच होणार. पण मामा उभे राहिले आणि चार वाक्यांत बसले.

"खाली उतरताना पिंजऱ्यात सगळे देवाले आवाज देते. हिंदू देते, बौद्ध डोळे मिटून उभा राहते, आमी येशूले हाक मारतो. आन ड्युटी करून वर आलं, की सगळेच्या सगळे चायवाल्याले आवाज देते! उपकारस्तुती म्हनजे, चायवाल्याच्या आंधी देवाले."

मग थांबून म्हणाले, "मले कधी जमलं नाही."

त्याच महिन्यात 'आमेन' हा शब्द आला. त्याचा अर्थ सांगायला फिलिपला आठवडा लागला नाही. जागच्या जागीच म्हणाला, "आमेन म्हनजे, मामा, आता बसा!"

मामाही हसले. पण त्यांनी प्रार्थना काही कमी केली नाही.

* * *

मार्थाबाई मोहाडीच्या बाजारात भाजी विकते. तिला सगळ्या गोष्टी तोंडावर विचारायची सवय. पाळकसाहेब आले होते त्या रविवारी ती म्हणाली, "साहेब, मी लहानपनापासून म्हनून राहिली, आमची रोजची भाकर आज आम्हास दे. पन आमच्या घरी भाकर खाते कोन? आमी भात खानारे. चारी आंगानं धानाच्या बांध्या. देवानं आयकलं आन खरंच भाकर देल्ली, तं पोरं तोंड वाकडं करतीन!"

पाळकसाहेब तरुण, नवीनच. त्यांनी नीट समजावलं, की भाकर म्हणजे सगळंच अन्न.

"मंग भाताचं नाव घ्याले काय होते?"

साहेबांनी सिस्टरबाईंकडं पाहिलं. सिस्टरबाई म्हणाल्या, "मार्था, तू भात म्हन. देवाले दोन्ही समजते."

तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना त्या जागी आली, की सगळे भाकर म्हणतात आणि एका कोपऱ्यातून खणखणीत 'भात' ऐकू येतो. बाहेरगावचा पाहुणा असला की तो दचकतो.

* * *

माझ्या वाट्याला 'शेजारी' आला. मी खूश. म्हटलं, सोपा आहे. माझा शेजारी गजभिये, वीज मंडळातून रिटायर झालेला. आमची भिंत एकच. त्यांच्याकडं बाबासाहेबांचा फोटो, आमच्याकडं क्रूस, आणि दोन्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून.

सोमवारी मी त्याच्याकडं गेलो, वांगी घेऊन. बसलो. उठलो. मंगळवारी गेलो, लिंबं घेऊन. बुधवारी नुसताच गेलो आणि विचारलं, "कसं काय, बरं हाये ना?"

गजभियेची बायको दारातच म्हणाली, "भाऊजी, काय पायजे तुमाले?"

"काहीच नाही वयनी. सहज आलो."

गुरुवारी सकाळी गजभिये माझ्या दारात हजर. अंगात इस्त्रीचा शर्ट, मोटरसायकल चालूच. हळूच म्हणाला, "लपवू नको. कवापासून दुखून राहिलं छातीत? माही बायको म्हनते, मानूस असा रोज येत नाही. पेट्रोल टाकी भरून आनलं. चाल भंडाऱ्याले, डॉक्टरले दाखवू."

मी लाख सांगितलं, मी ठणठणीत आहे. त्यानं ऐकलं नाही. दाखवून आणलंच!

रविवारी मी हे सांगितलं तेव्हा सिस्टरबाईंनी विचारलं, "मंग, शब्द कोनाले भेटला? तुमाले का गजभियेले?"

मी म्हटलं, "गजभियेले, बाई. मले तं नुसती बीपीची गोळी भेटली."

* * *

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

सिस्टरबाईंचा एकुलता एक मुलगा, प्रकाश, पुण्याला कंपनीत आहे. चांगला मुलगा. न चुकता फोन करतो. बऱ्याच दिवसांपासून त्याचं चाललं होतं, "आई, तू इकडं ये." बाईंचं एकच म्हणणं, "तिथं सातव्या माळ्यावर मले कोन वळखते? इथं कुत्रेही मले सिस्टरबाई समजतात." शेवटी दोघांत ठरलं. हातपाय आणि डोकं चालतंय तोवर बाईंनी इथं राहायचं. विसरायला लागल्या, की प्रकाश येऊन घेऊन जाणार. बाई बरं म्हणाल्या. तेव्हा त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, म्हणून बरं म्हणाल्या.

मग एका रविवारी बाईंनी शब्द दिला, "सहनशीलता."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. हा तर होऊन गेलेला! पण मोठ्या माणसाला कोण टोकणार? घरी नेला, पुढच्या रविवारी आणला. फिलिपनं दुसरा किस्सा सांगितला, मार्थानं दुसरा. बाईंनी छान ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यासाठी शब्द दिला, "सहनशीलता."

चहाची भांडी आवरताना फिलिप माझ्याजवळ आला. नेहमीसारखा हसून बोलत नव्हता. म्हणाला, "काका, बाई विसरून राहिल्या."

मार्था म्हणाली, "तं काय झालं? तुमी रोज नवीन काही करता काय? आपन आनू नवीन किस्सा. त्याईले सांगाचं नाही. आन प्रकाशलेही नाही."

त्या वर्षी आमच्याइतकी सहनशीलता साऱ्या तालुक्यात कोणी शोधली नसेल!

फक्त शलमोनमामांनी नवीन काही शोधलं नाही. शब्द कोणताही असो, ते उभे राहायचे आणि पिंजरा आणि चायवाल्याचा तोच किस्सा सांगायचे. सिस्टरबाई प्रत्येक वेळी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायच्या. त्यांच्यासाठी तो दर वेळी पहिलाच.

मी म्हटलं, "मामा, लाज नाही वाटत?"

"कायची लाज? चाळीस वर्षं माह्या घरात माह्या बोलन्यावर कोनी हसलं नाही. आता दर रविवारी मी नवीन होऊन राहिलो!"

* * *

मग आमची ड्युटी सुरू झाली. सकाळचा चहा माझ्याकडून, दुपारचा डबा मार्थाकडून. संध्याकाळी फिलिप गॅरेजवरून येताना बाईंच्या दारावरून गाडी घ्यायचा आणि हॉर्न वाजवायचा. आतून "कोन हाये?" आलं, की पुढं जायचा. गॅस आम्ही बंद करून टाकला होता, कारण एकदा दुधाचं भांडं कोळसा झालेलं मार्थानं पाहिलं.

प्रकाश आता आम्हालाही फोन करायला लागला. शलमोनमामांना त्यानं विचारलं, "मामा, आई कशी आहे?" मामा फोनवरही लांब बोलायचे. "एकदम फस्क्लास! स्मरनशक्ती तं अशी, की मले माहे किस्से आठवत नाही, त्याईले आठवते!"

आणि नेमका त्याच आठवड्यात बाईंचा शब्द आला, खरी साक्ष.

रविवारी चिंचेखाली कोणी उठेना. मामांना पिंजरा आठवेना. फिलिप जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसला. मीसुद्धा चहात साखर घातल्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ ढवळत राहिलो.

सिस्टरबाई म्हणाल्या, "काहून गा? कोनालेच नाही भेटला?"

शेवटी मार्थाबाई उभी राहिली. पदर खोचला, जशी बाजारात खोचते.

"मी सांगतो, बाई. मले एका पोराचा फोन आला. पुन्याहून. त्याची माय इकडं एकटी राहते. इचारत होता, खरं सांगा, माय कशी हाये. मी खरं सांगतलं. म्हनलं, बाबू, तुही माय विसरते. गॅस विसरते, नाव विसरते, जेवली का नाही ते विसरते. पन आमी नाही विसरत."

मामांनी डोळे मिटून घेतले.  म्हणजे हिनं सांगून टाकलं! आता प्रकाश येणार.

सिस्टरबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली.

"बरं केलं. खरंच सांगावं लागते," त्या म्हणाल्या. "आन त्या बाईले सांगजो, दार उघडं ठेवत जाय म्हना. बिचारी एकटीच राहते."

"हो बाई," मार्था म्हणाली. "सांगतो."

* * *

प्रकाश आला तो शनिवारी. भाड्याची गाडी, ड्रायव्हर, सोबत एक कापडी बॅग आणि बाईंसाठी नवीन शाल. रात्रभराच्या प्रवासानं डोळे लाल. त्यानं आमच्यावर राग काढला नाही. उलट माझे हात धरून म्हणाला, "काका, तुम्ही सगळ्यांनी खूप केलं. पण मला तिकडं झोप लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं. आई आता कुणाला ओळखत नाही म्हणता, मग ती इथं काय आणि पुण्यात काय, सारखंच ना?"

मी त्याला चहा आणून दिला. फिलिपनं गाडीतून त्याची बॅग काढून आत नेली.

रविवारी सकाळी त्यानं बाईंची लोखंडी पेटी गाडीच्या डिकीत ठेवली. म्हणाला, उपासना झाली की निघू, म्हणजे सगळ्यांच्या भेटी होतील. उपासनेत बाईंनी सगळी गाणी म्हटली, एक शब्द न चुकता. प्रकाश शेजारी बसला होता. बाई अधूनमधून गाण्याचं पुस्तक त्याच्याकडं सरकवत होत्या, जसं पाहुण्याकडं सरकवतात.

मग चिंचेखाली चहा. त्या दिवशी कोणी किस्सा सांगितला नाही. मामा उभे राहिले आणि नुसतेच बसले. मार्था पाठमोरी होऊन कप धूत होती, अजून कोणी चहा प्यायला नव्हता तरी.

बाई सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बघत प्रकाशपाशी थांबल्या.

"नवीन दिसता. कोन्या गावचे?"

प्रकाशनं कप खाली ठेवला. म्हणाला, "पुण्याचा."

"बापा! इतक्या दुरून? आन एकटेच?"

"हो."

"आमच्या इथं शब्द घरी न्याची पद्धत हाये. माहीत हाये का?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "मला द्या ना. मी कोणता नेऊ?"

बाईंनी विचार केला. खूप वेळ केला. ओठ हलले, पण शब्द काही बाहेर येईना. त्यांनी चिंचेकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली. फिलिप काहीतरी सुचवायला पुढं झाला, तर मार्थानं त्याचा शर्ट मागून धरला.

मग बाई जरा पुढं सरकल्या. त्यांनी प्रकाशचं मनगट हातात घेतलं, दोन बोटं नाडीवर ठेवली, आणि स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडं बघत राहिल्या, जसं तिथं घड्याळ असावं. त्यांचा चेहरा बदलला. असा चेहरा आम्ही फार दिवसांनी पाहिला. पाठ ताठ झाली. दुसरा हात त्यांनी त्याच्या कपाळावर ठेवला.

"झोप नाही झाली तुमची," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही. ताप नाही. नाडी बराबर हाये. डॉक्टरसाहेबाले इचाराची गरज नाही, मी सुट्टी देतो तुमाले."

प्रकाशनं मान हलवली. 

बाईंनी त्याच्या गालावर हळूच चापट मारली.

"जा बाबू, घरी जा आता. तुमची माय वाट पाहून राहिली असन."

प्रकाश उठला. गाडीपाशी गेला, डिकी उघडली, लोखंडी पेटी काढून खांद्यावर घेतली आणि बाईंच्या घराकडं चालायला लागला.